मायक्रोफोन साधनशोध (विंडोज)

संगणकाला ध्वनी आत घेणारी कोणती साधने आहेत, हे प्रोग्रॅमने कार्यप्रणालीकडून जाणून घेण्याची क्रिया. रेकॉर्डिंग, इंटरनेटवरील संभाषण किंवा बोलून टायपिंग करणारे सॉफ्टवेअर सहसा सुरुवात इथून करते.

विंडोजमधील यासाठीचा जुना एपीआय (प्रोग्रॅमने वापरायचा फंक्शनसंच) म्हणजे वेव्हइन. त्यातले ‘वेव्हइनगेटनमडेव्ह्ज’ हे फंक्शन केवळ साधनांची संख्या देते. मग ० पासून एकेक क्रमांक देऊन ‘वेव्हइनगेटडेव्हकॅप्स’ला विचारले, की त्या साधनाचे नाव, चॅनेल आणि चालणारे फॉरमॅट कळतात. नावासाठी जागा ३२ अक्षरांची. त्यातली एक समाप्तिचिन्हाला जाते. रिअलटेकच्या ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ मायक्रोफोनचे नाव कित्येक सॉफ्टवेअरच्या यादीत ‘डेफिनी’वर तुटलेले दिसते, ते त्यामुळेच. साधनाचा क्रमांकही कायमचा नसतो. यूएसबी हेडसेट काढला की उरलेल्यांचे क्रमांक सरकू शकतात, आणि क्रमांक जपून ठेवणारा प्रोग्रॅम भलत्याच साधनावरून रेकॉर्डिंग करू लागतो.

व्हिस्टापासून (२००७) एमएमडिव्हाइस हा एपीआय आला. त्याच्या यादीत प्रत्येक साधनाला पूर्ण नाव आणि स्वतंत्र ओळख-स्ट्रिंग असते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी ती टिकते. शिवाय सक्रिय, बंद केलेले, गैरहजर व प्लग काढलेले अशा चार अवस्था कळतात. मात्र ‘सक्रिय’ म्हणजे माइक जोडलेलाच आहे, असे समजणे ही या विषयातली सर्रास होणारी चूक. प्लग घातला की काढला, हे ओळखण्याची सोय ३.५ मिमी जॅकमध्ये आणि साउंड कार्डात असेल तरच विंडोजला कळते. ती नसेल तर रिकामा जॅकही सक्रिय म्हणून यादीत येतो. यादीतले प्रत्येक साधन माइक असते असेही नाही. लाइन-इन त्यात असू शकते, आणि संगणकावर वाजणारा आवाज परत आत घेणारे ‘स्टिरिओ मिक्स’सुद्धा. साधनाचा प्रकार ‘फॉर्म फॅक्टर’ या गुणधर्मावरून कळतो, पण तो ड्रायव्हरने सांगितलेला असतो, तेव्हा त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नये. खात्री हवी असेल तर साधन उघडून आवाजाची पातळी हलते का, हेच पाहावे लागते.

प्रोग्रॅम चालू असताना माइक जोडला वा काढला, तर नव्या एपीआयकडून तशी सूचना मिळवता येते. जुने सॉफ्टवेअर सांभाळायचे नसेल, तर आज वेव्हइन निवडण्यास सबळ कारण नाही.