लडाखातील उबेचा बंदोबस्त

उबेचा इतिहास लिहिण्याची प्रथा आपल्याकडे नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्या मुलखात थंडीचे दोन महिने घोंगडी आणि अंगणातल्या शेकोटीवर निभावतात, तेथे ऊब ही हवापाण्यासारखी फुकटची समजली जाते, आणि फुकटच्या वस्तूचे दप्तर कोणी ठेवीत नाही. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेल्या लेहमध्ये, जेथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, जेथील डोंगरांवर औषधालाही झाड सापडत नाही आणि पौष-माघात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो, तेथे ऊब ही जवाच्या पिठाइतकीच मोजूनमापून खर्चण्याची वस्तू होती. आणि जी वस्तू मोजून खर्चावी लागते तिच्याभोवती दस्तूर, हक्क, पाळ्या आणि क्वचित भांडणेही उभी राहतात, हा नियम लडाखलाही चुकलेला नाही.

जुन्या लडाखी घराची रचना पाहिली म्हणजे हा हिशेब किती बारकाईने मांडला होता ते ध्यानी येते. भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, छपरास पॉप्लरच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या काटक्या शेजारी शेजारी मांडलेल्या, त्यावर गवत आणि शेवटी मातीचा थर. तळमजल्यावर गुरे, वर माणसे. झांस्करसारख्या अधिक कडक थंडीच्या भागात तर हिवाळा लागला की सारे कुटुंबच खाली, गोठ्यांनी वेढलेल्या एका अंधाऱ्या खोलीत उतरे, म्हणजे जनावरांच्या अंगची ऊबही वाया जात नसे. वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघरात, ज्याला ते लोक चान्सा म्हणतात, मधोमध थाब नावाची चूल असे. तिच्याभोवती हिवाळ्याचे सारे आयुष्य चाले, बाकीच्या खोल्या बर्फासारख्या पडून राहत, आणि घर म्हणजे घरातली एक खोली असा हिवाळाभरचा व्यवहार होता.

या चुलीत जळत असे ते शेण. आपल्याकडे गोवऱ्या जाळल्या की शेताचे खत गेले म्हणून शेतीखात्याचे अधिकारी हळहळतात. लडाख्यांनी ही अडचण निराळ्या मार्गाने सोडवली होती. घराच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, तिच्या जमिनीला एक भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग आणि एक फावडे, असा त्यांचा शौचकूप असतो. विधी उरकला की वरून फावडेभर माती लोटायची, आणि तळघरात साठलेले, वर्षभरात मुरलेले खत वसंतात शेतावर न्यायचे. शेताची भूक अशी भागल्यामुळे गाई, याक आणि झो (याक व गाय यांचा संकर) यांचे शेण चुलीसाठी मोकळे राही. एका बिनपाण्याच्या कोनाड्याने चुलीचे सरपण वाचवावे, ही गोष्ट माझ्या मते लडाखच्या साऱ्या राजवाड्यांहून आणि गोंपांहून, म्हणजे बौद्ध मठांहून, अधिक विचार करण्यासारखी आहे.

आता पाळीची गोष्ट. लडाखी भाषेत ‘रेस’ म्हणजे पाळी. प्रत्येक घराने स्वतंत्र गुराखी ठेवणे परवडत नाही, म्हणून गावातल्या साऱ्या शेळ्या एकत्र करून आळीपाळीने रानात न्यायच्या, त्याला ‘रारेस’ म्हणत. नांगरट, कापणी यांतील परस्पर मदतीला ‘बेस’ म्हणत. पाटाच्या पाण्याची वाटणी पाहणारा चुरपोन आणि गावाचा मुखिया गोबा हे या व्यवस्थेचे कारभारी. खानदेशातील फडपद्धती ज्याने पाहिली आहे त्याला चुरपोन हा आपल्या पाटकऱ्याचाच भाऊबंद वाटेल. परंतु याच ‘रेस’ शब्दाची दुसरी बाजूही होती, आणि ती कडू होती. १८३४ मध्ये जोरावरसिंगाच्या स्वारीने लडाख डोग्रांच्या हाती गेले, पुढे १८७० च्या व्यापारी तहाने यारकंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर लेह येथे जॉइंट कमिशनर नेमला गेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदारांना व व्यापाऱ्यांना घोडे, हमाल, चारा आणि जळण पुरवण्याची सक्ती गावांवर पाळीने पडू लागली. त्या बेगारीचे नावही रेसच. जो शब्द शेजाऱ्याच्या शेळ्यांसाठी निर्माण झाला तोच सरकारच्या बेगारीसाठी वापरावा लागला. आणि गोठलेल्या पडावावर साहेबाच्या तंबूत जळणारे सरपण कोणाच्या तरी चान्साच्या वाट्याचे होते, याची दखल त्या काळच्या प्रवासवर्णनांनी फारशी घेतलेली नाही.

१९६२ च्या सुमारास श्रीनगरहून येणारी मोटारसडक लेहला पोहोचली आणि उबेचा हिशेब पार बदलून गेला. झोजीला खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच उघडे. तेवढ्या मोसमात ट्रकांचे तांडे सैन्यासाठी आणि नागरिकांसाठी रॉकेल, कोळसा आणि काश्मीरच्या जंगलातले लाकूड आणू लागले. १९७४ मध्ये लडाख परदेशी प्रवाशांस खुले झाले. पत्र्याची बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, घरोघर आली, सवलतीच्या दराने मिळणारे रॉकेल तिच्यात थेंबथेंब गळू लागले, आणि हिवाळ्याआधी डबे भरून ठेवण्याची चिंता ही नवी चिंता झाली. तोटा केवळ पैशाचाच होता असे नाही. बंद खोलीतील धुराने लडाखी स्त्रियांच्या व वृद्धांच्या छातीचे काय होते याचा अभ्यास १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धूर शेणाचा जुना होता, पण त्याची नोंद मात्र नवी होती.

या अभ्यासाच्या बऱ्याच आधी एक फ्रेंच भिंत लडाखात आली होती. तिची वंशावळ गमतीची आहे. काळ्या भिंतीपुढे काच लावून उन्हाने खोली तापवण्याचे पेटंट १८८१ मध्ये मॅसेच्युसेट्समधील एडवर्ड मोर्स याने घेतले, ते कोणी वापरले नाही. १९६७ मध्ये पिरेनीज पर्वतातील ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब आणि वास्तुविशारद जाक मिशेल यांनी तशी घरे बांधली, आणि भिंतीला त्रोंबचे नाव चिकटले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, १९७५ मध्ये प्रथम लडाखात आलेल्या हेलेना नॉरबर्ग-हॉज यांच्या पुढाकाराने ती लेहमध्ये उभी राहिली. तिची करामत समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. दक्षिणेकडील मातीची भिंत काळी रंगवायची आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर दुहेरी काच बसवायची. हिवाळ्यात लेहच्या मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर चढतो, त्यामुळे किरण सरळ काचेतून भिंतीच्या अंगावर पडतात. दिवसभर भिंत ती ऊब पीत राहते, आणि कित्येक तासांनी, जेव्हा बाहेर अंधार पडून पाणी गोठू लागते, तेव्हा आतल्या बाजूने सोडते. उन्हाळ्यात सूर्य ७९ अंशांपर्यंत जवळजवळ डोक्यावर येतो, काचेला ओझरता लागून निघून जातो, आणि घर भाजत नाही. मातीची जाड भिंत लडाख्यांपाशी होतीच, ऊन वर्षातून ३०० दिवस होते. वाण होती ती काचेची, आणि ती झोजीलावरून खडखडत यावयाची.

एक भिंत बांधणे सोपे. शेकडो कोसांत विखुरलेल्या, निम्मे वर्ष एकमेकांपासून तुटलेल्या गावांत ती पसरवणे हे खरे काम. १९८३ मध्ये ‘लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप’ ही संस्था स्थापन झाली, आणि तिला व नॉरबर्ग-हॉज यांना १९८६ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पारितोषिक मिळाले. १९८८ मध्ये सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘सेकमॉल’ ही संस्था सुरू केली. ‘लेह न्यूट्रिशन प्रोजेक्ट’ त्याआधीपासून होताच. प्रत्येकाचे गाव वेगळे, देणगीदार वेगळा. त्यांना एका दोरीत ओवण्याचा मोठा प्रयत्न ‘जेरेस’ या फ्रेंच संस्थेने २००८ ते २०१२ या काळात युरोपीय संघाच्या मदतीने केला. लडाखातील संस्थांबरोबर स्पितीतील ‘इकोस्फिअर’ही त्यात होती, आणि सुमारे एक हजार घरांचा संकल्प होता. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की घरमालकाला नुसती काच देऊन मोकळे न होता गावोगावचे गवंडी आणि सुतार शिकवले गेले, छपरात आणि भिंतींच्या पोकळीत भरायला पेंढा, भुसा, रानगवत असे गावातलेच साहित्य धरले गेले, आणि माती, विटा व मजुरी यांचा भार घरमालकाने उचलला. गोबा आणि गावसभा यांना वगळून हे चालले नसते. जी पाळी पूर्वी शेळ्यांना होती तीच आता गवंड्याला लागू झाली, एवढाच काय तो फरक.

सरकारी यंत्रणाही स्वस्थ नव्हती. १९९५ मध्ये लेहला आणि २००३ मध्ये कारगिलला स्वायत्त पर्वतीय परिषद मिळाली. २०१० मध्ये केंद्राने अपारंपरिक ऊर्जेची मोठी योजना लडाखसाठी मंजूर केली. २०१४ मध्ये निमू-बाझगो आणि चुटक येथील जलविद्युत केंद्रे राष्ट्रार्पण झाली, आणि २०१९ मध्ये श्रीनगर-लेह वीजवाहिनी सुरू होऊन लडाख देशाच्या विद्युतजालाशी जोडले गेले. हे सारे स्वागतार्ह आहे; परंतु विजेच्या आणि पर्यटकाच्या मागोमाग सिमेंटही आले, आणि सिमेंटची पातळ भिंत थंडी आत घेण्यात जितकी उदार तितकीच ऊब बाहेर सोडण्यात. दक्षिणेचा विचार न करता रस्त्याकडे तोंड करून बांधलेल्या नव्या इमारती पाहिल्या म्हणजे, शेण, भिंत आणि ऊन यांचा ताळेबंद बिनचूक मांडणाऱ्या लोकांनी तो इतक्या लवकर गहाण कसा टाकला, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर अर्थात भाड्याच्या पावतीवर लिहिलेले आहे.

लेहमधील पुष्कळ हॉटेले हिवाळ्यात कुलूपबंद असतात, कारण नळ गोठतात आणि खोल्या तापवणे परवडत नाही. तेथून काही कोसांवर, सिंधूच्या काठी फे या गावाजवळ, ‘सेकमॉल’ची दाबलेल्या मातीची इमारत दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे, बाहेर पारा उणे १५ वर असताना तिच्या आत तो १४ अंशांच्या आसपास राहतो, आणि जानेवारीत मुले तेथे बुखारीवाचून अभ्यासाला बसतात.