रंग तुमचा, हात माहा

आमच्या उस्तादांकडे कुणी पाटी रंगवायला आलं, की भावाचं बोलण्याआधी ते एवढंच म्हणायचे, "रंग तुमचा, हात माहा." गिऱ्हाईक मग पेठेत जाऊन डबा घेऊन यायचं. १९७२ च्या दुष्काळात, पंधराव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली लागलो. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

तो चिकटपणा नव्हता, गावाची जुनी रीत होती, हे मला घरातूनच कळायला हवं होतं. माझे आजोबा सुतार. शेतकऱ्याचं औत मोडलं की लाकूड शेतकऱ्याचं. आजोबा वाकस, किंकरं, करवत घेऊन बसायचे. लोहाराचंही तेच, लोखंड आणि कोळसा ज्याचं काम त्याने आणायचा. मजुरी म्हणजे सुगीला खळ्यावरचं बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं, त्यात या व्यवस्थेचं चित्र आहे. कारागिराचं भांडवल त्याच्या हातात आणि हत्यारांत. माल पडून सडला, चोरीला गेला, भाव उतरला, तरी बुडायचा तो दुसरा. अर्थात त्याची किंमतही होती. भाव वाढवून मागायची सोय नव्हती, आणि खळ्यावर पदरात पडेल ते मुकाट्याने घ्यायचं. आजोबांना ते कधी गोड लागलं नाही. म्हणूनच त्यांनी वडलांना गवंडीकामाला लावलं आणि मी रंगात आलो.

आजोबा एक गोष्ट मात्र रंगवून सांगायचे. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या सावद्याशेजारच्या फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस सजावटीला आलेले, आणि गांधीजींचा आग्रह असा की जे लागेल ते इथल्याच मातीतलं, इथल्याच माणसांच्या हातचं. बांबू, चटया, दोर. आजोबा सावद्याहून पायी बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "मांडव बांबूचाच, पण नजर शेरभर!" एवढ्या मोठ्या चित्रकाराने बाजारातून काही न आणता मांडव उभा केला, हे सुताराला फार पटलं असावं.

पैशाच्या बाबतीत आमचं गाव तसं जुनंच कडक. इंग्रजांची साऱ्यासाठी जमीनमोजणी आली तेव्हा, १८५२ साली, दहा-पंधरा हजार माणूस सावद्यात विरोधाला जमला होता. फौज आणून पुढाऱ्यांना धरलं तेव्हा पांगला. असल्या गिऱ्हाइकाकडून आधी रंगाचे पैसे काढायचे आणि मग हाताचे, म्हणजे बघा.

रंगाचा डबा मुळात इथे आला तो बैलांमुळे. सावद्याच्या आठवडे बाजारात निमाडी आणि वऱ्हाडी जनावरं विकायला येत, असं इंग्रजी गॅझेटियरातही नोंदलंय. पोळ्याला त्यांची शिंगं रंगवायची, त्याला लागतो वाटीभर रंग. मोठा डबा कोण घेणार? १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स खेड्यापाड्यात वाढली ती अशाच चिमुकल्या डब्यांवर. हातात ब्रश घेतलेला त्यांच्या जाहिरातीतला पोरगा गट्टू, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला, मी वाचायला शिकण्याआधी ओळखत होतो. पोळा संपला की दुकानात उरलेले हे डबे उस्ताद गिऱ्हाइकाला घ्यायला लावायचे. पाटीला लाल किती लागतो, पिवळा किती, हे त्यांना तोळ्यामाशात ठाऊक.

बाकी खर्च कसे वाचवायचे हे मी बघून शिकलो. डबा झाकण घट्ट बसवून उलटा ठेवायचा, म्हणजे साय खाली राहते आणि वर काढायला रंग पातळ मिळतो. ब्रश रॉकेलात टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर केस वाकतात. रंग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा. उंच भिंतीला परांची लागते, ती भाड्याने आणायची गरज नाही. केळीच्या घडाला टेकू द्यायचे बांबू शेतकऱ्याकडे असतातच. घड कापून झाले की ते मोकळे होतात, मागून आणायचे. एखाद्या पाटलाच्या गाड्यावर नाव फुकट लिहून दिलं की वर्षभर बांबूंची सोय.

सरकारी काम म्हणजे कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण. चिनावल, खिरोदा, निंभोरा, विवरा, प्रत्येक गावच्या भिंतीवर तोच त्रिकोण, तीच चार तोंडं. उस्तादांनी जाड कागदावर खाका काढला, रेघांवर सुईने भोकं पाडली. भिंतीवर खाका धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थापटायची, ठिपके उठले की ब्रश. रंग सरकारी, आणि उरलेला रंग पेंटरचा, हा अलिखित कायदा. आमच्या गल्लीतली निम्मी दारं बरीच वर्षं त्रिकोणाच्या लाल रंगाची होती. याला चोरी म्हणा हवं तर. उस्ताद त्याला बलुतं म्हणायचे.

ते गेले आणि मला अक्कल फुटली. स्टेशनातून केळी वाघिणींनी दिल्लीकडे जायची, रस्त्याने ट्रक. भरतीसाठी थांबलेल्या ट्रकांवर नंबर, नक्षी, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. हातात पैसा खेळू लागला. मी रस्त्यावर गाळा भाड्याने घेतला, पंखा लावला, एक पोरगा पगारावर ठेवला. १९९५ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक होती. आता भिंतीच भिंती, असं म्हणून मी स्वतःच्या पैशाने रंग भरला, चुना, निळा, भगवा, हिरवा, सगळा मोठ्या डब्यांत. पण त्यावेळी मुख्य निवडणूक आयुक्त होते टी. एन. शेषन, नियमाला कडक. भिंती रंगवायला उमेदवार घाबरले. त्याच वर्षी राज्याने भिंती विद्रूप करण्याविरुद्ध कायदाही केला. ज्या उमेदवाराच्या शब्दावर माल भरला होता, त्याने ओळख दाखवली नाही. गाळ्याचं भाडं मात्र दर महिन्याला उभं. पावसाळा येईपर्यंत डब्यांत सायीचे पापड धरले होते. पोरगा सोडला, गाळा सोडला, पंखा घरी आणला. तो अजून फिरतो.

फ्लेक्स आला तेव्हा म्हणूनच मी मशीन घेतलं नाही. जळगावला छापून आणायचो, मधले चार पैसे मिळायचे. ‘हॉर्न ओके प्लीज’वर २०१५ मध्ये राज्यात बंदी आली, तोवर ट्रकांचं काम तसंही आटलं होतं. तरी एक कबूल करतो, फ्लेक्सवरचं अक्षर मला अजून बघवत नाही. उन्हाने दोन वर्षांत फिकं पडतं आणि कुणाच्या हाताचं ते कळत नाही.

नात आता घरात बसून लॅपटॉपवर पुण्याच्या लोकांसाठी पाट्या काढते, म्हणजे लोगो आणि काय काय. एकटीच, नोकरी नाही. सॉफ्टवेअरचं भाडं दर महिन्याला भरते हे ऐकून मी विचारलं, काम नसलेल्या महिन्याला? म्हणे, तरी भरावं लागतं. मला तो गाळा आठवला. फाँट विकत घ्यायचा झाला तर पैसे कोण देतं, हेही विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली. नंतरच्या बिलात तिने फाँटची वेगळी ओळ घातली आणि ती गिऱ्हाइकाने मुकाट्याने भरली, असं सांगत आली.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी गल्लीतला एक जण आला. बैल त्याने कधीच विकले, ट्रॅक्टरच्या हुडावर बापाचं नाव हाताने लिहून हवं होतं. मी ब्रश शोधत होतो, तेवढ्यात नात ओट्यावरून त्याला म्हणाली, "भाऊ, रंग आणला का?"