पायली, वही आणि अंगठा : जव्हार-मोखाड्यातील लहान व्यापाराची साधने

व्यापाराचा इतिहास लिहिताना बंदरे, पेढ्या आणि हुंड्या यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज वळते; माप, वही आणि पावती या वस्तू मात्र क्षुद्र मानून बाजूस ठेवल्या जातात. जव्हार-मोखाडा प्रदेशात ही उपेक्षा विशेष खटकते. जव्हार हे 1948 पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा हा ब्रिटिश मुलखातील शहापूर तालुक्याचा पेटा. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला तेव्हा दोहोंचा समावेश त्यात झाला. 2011 च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांतील नऊ-दशांशाहून अधिक लोक वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इत्यादी अनुसूचित जमातींचे आहेत. राज्यव्यवस्था भिन्न असली तरी सावकारी दोहोंकडे होती, आणि तिची हत्यारे एकाच जातीची होती.

त्यांतील पहिले माप. चार शेरांची पायली हे धान्याचे माप पोकळीचे, वजनाचे नव्हे. यामुळे शीग लावून घेणे आणि काठाशी सपाट करून देणे, एवढ्या हस्तकौशल्यावर नफ्याचा मोठा भाग उभा राही. पावसाळ्यात घरातील नागली-वरई संपली की खावटीसाठी धान्य उचलायचे आणि सुगीनंतर ते सवाईने वा दिढीने फेडायचे, ही रीत होती. दिढी ही बोलून दाखविलेली वाढ. शिगेची वाढ कोणी बोलून दाखवीत नसे. मापे व वजने यांविषयीचा केंद्रीय कायदा 1956 साली झाला आणि 1958 पासून दशमान वजने क्रमाने आली. तराजूतही खोट करता येते हे खरे. तथापि वजनास शीग नसते.

दुसरे साधन वही. मराठीतील हिशेबाची परिभाषा पाहिली तर ‘हिशेब’, ‘जमा’, ‘बाकी’ हे शब्द अरबीतून आलेले आणि ‘रोजकीर्द’ फारसीतून आलेला. दरबारी दप्तरातून ते दुकानात उतरले. ‘नावे’ हा मात्र घरचा शब्द. रक्कम ज्याच्याकडून येणे आहे त्याच्या ‘नावे’ ती पडते. विशेष हे की, ज्याच्या नावे रक्कम पडे त्याला स्वतःचे नावही त्या पानावर ओळखता येत नसे. वही मोडीत किंवा गुजरातीत लिहिलेली असे. ऋणकोची बोली वारली वा कोकणा, आणि तिला लिपीचा संस्कारच नव्हता. म्हणून वहीतील बाकी ही धनकोने वाचून दाखविली म्हणजे खरी ठरे. मुंबई सावकारी अधिनियम, 1946 याने हिशेब ठेवणे, ऋणकोस त्याचे विवरण देणे व पावती देणे ही बंधने घातली. कायद्याची दृष्टी अचूक होती. परंतु न वाचणाऱ्याच्या हाती दिलेले विवरण पुन्हा वाचून घ्यावयाचे ते कोणाकडून, हा प्रश्न त्याने सोडविला नाही.

अंगठ्याचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. 1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या एका कराराखाली पुरवठादाराच्या हाताचा ठसा घेतला. आधुनिक अंगुलिमुद्रेचा आरंभ बहुधा येथूनच सांगतात. म्हणजे तिचे मूळ गुन्हे-अन्वेषणात नसून एका लहान ठेकेदाराच्या कागदात आहे. पुढे निरक्षराचा अंगठा हीच त्याची सही ठरली. ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी धन्याकडे राबणारा गडी, याची स्थिती सिमिंग्टन यांनी 1930 नंतरच्या दशकात मुंबई सरकारसाठी केलेल्या चौकशीत नोंदविली आहे. वेठबिगारीविरुद्ध 1945 साली वारल्यांचा उठाव झाला आणि वेठबिगार पद्धती कायद्याने नष्ट झाली ती 1976 साली. दरम्यान 1972 मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे एकाधिकार खरेदीने व्यापाऱ्याला पर्याय देण्याचा प्रयत्न झाला.

आज तोच अंगठा पुन्हा यंत्रावर टेकविला जातो. रिझर्व्ह बँकेने 2006 साली बँक-प्रतिनिधी नेमण्यास मुभा दिली; आधारशी जोडलेल्या खात्यातून गावातल्या दुकानातच रोकड मिळू लागली. येथे अंगठा कर्ज बांधीत नाही, पैसा मोकळा करतो. तरी साम्य विसरता येत नाही: यंत्राच्या पडद्यावरील आकडा ग्राहकास वाचता आला नाही, तर त्याचे स्थान वहीपुढे बसलेल्या त्याच्या आजोबांहून फारसे निराळे नसते. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांना तर यंत्र ओळखीतच नाही.

दुकानदाराच्या बाजूने पालट अधिक स्पष्ट आहे. एप्रिल 2016 मध्ये ‘यूपीआय’ आणि त्याच वर्षाच्या 30 डिसेंबरला ‘भीम’ आल्यावर, सुटे पैसे व बँकेची फेरी या दोन जुन्या अडचणी कमी झाल्या. जुलै 2020 पासून ‘उद्यम’ नोंदणी संगणकावरून विनाशुल्क होते. विक्रमगड-जव्हारचा मोगरा दादरच्या फूलबाजारात जातो. अशा नाशवंत मालाचा भाव पहाटे दूरध्वनीवर कळणे हीच एक मिळकत होय. परंतु इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण साधन म्हणजे उधारीची मोबाईल-वही. ‘खाताबुक’सारख्या अशा वहीत नोंद होताच ग्राहकाच्या दूरध्वनीवर त्याचा संदेश जाऊ शकतो. 1946 च्या कायद्याला जे विवरण अभिप्रेत होते ते येथे आपोआप निघते, आणि वही एकाच्या ताब्यात राहत नाही. अर्थात संदेश पोहोचण्यास दूरध्वनी स्वतःचा हवा आणि लहरी डोंगरापलीकडे यावयास हव्यात; मार्च 2022 मध्ये साध्या दूरध्वनीसाठी आणलेली ‘यूपीआय 123पे’ ही सोय इंटरनेटवाचून चालते, परंतु लहरी तिलाही लागतातच.

भाषेचा प्रश्न शिल्लक राहतो. देयक मिळताच दुकानातील ध्वनिपेटी रक्कम मोठ्याने उच्चारते. न वाचणाऱ्याच्या कानापर्यंत नोंद पोहोचण्याची ही पद्धत मोडी वा गुजराती वहीस कधी साधली नव्हती. मात्र या साधनांतील भाषांच्या यादीत मराठी व गुजराती आहेत, म्हणजे जुन्या वह्या ज्या भाषांत लिहिल्या जात त्याच. वारली, कोकणा व कातकरी या बोली त्या यादीत नाहीत.