मिलिंग मशीनला मोटर कोणती?

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याच्या आकाराचे फर्मे अचूक हवेत, म्हणून त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रावर वक्ररेषेवरच्या दोनशे बिंदूंचे आकडे काढले. मग मिलिंग मशीनपाशी तीन माणसे उभी राहिली. एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने टेबल डावी-उजवीकडे नेणारे हँडल फिरवायचे, तिसऱ्याने मागे-पुढे नेणारे. फर्मा पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक निघाला. हँडलच्या जागी मोटर बसवून तिला थेट कार्डावरच्या आकड्यांनी चालवायचे, हा विचार पार्सन्स यांनी इथून पुढे नेला.

१९४९ मध्ये अमेरिकेच्या वायुदलाने त्यांना कंत्राट दिले. मोटरवर अचूक ताबा ठेवण्याची विद्या मात्र एमआयटी या विद्यापीठाच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे होती, म्हणून काम तिकडे गेले. तिथल्या अभियंत्यांनी नवे मशीन बांधलेच नाही. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रो-टेल हे तयार मिलिंग मशीन घेऊन त्यालाच आपले नियंत्रण जोडले आणि सप्टेंबर १९५२ मध्ये ते लोकांसमोर चालवून दाखवले. आज आपल्या वर्कशॉपमधल्या छोट्या मिलला सर्व्होचा संच बसवणारा माणूस नेमके हेच करत असतो.

एमआयटीच्या त्या मशीनची युक्ती आजच्या सर्व्होतही जशीच्या तशी आहे. कागदी पट्टीवरून आलेला प्रत्येक आज्ञा-स्पंद गणकात एकाने भर घालायचा. मोटर फिरली की तिच्यावरचा मापक गणकातून एक-एक वजा करायचा. त्या मशीनवर दांडा एक अंश फिरला की ०.०००५ इंच सरक. शिल्लक जितकी मोठी, तितका मोटरचा जोर जास्त. शिल्लक शून्य झाली की मोटर थांबते.

खर्च मात्र साडेतीन लाख डॉलरच्या वर गेला. दरम्यान एमआयटीने वायुदलाशी थेट करार केला आणि पार्सन्स बाजूला पडले. हा अन्यायच होता. १९५८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पार्सन्स आणि स्ट्यूलन यांचा राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकाने गौरव व्हायला १९८५ उजाडले.

जपानमध्ये सेइउएमोन इनाबा यांनी वेगळी वाट धरली. फुजित्सूमध्ये १९५९ साली त्यांनी इलेक्ट्रो-हायड्रॉलिक पल्स मोटर तयार केली. एक स्पंद, एक पाऊल. उलट खबर घ्यायची गरजच नाही. फुजित्सूतून निघालेल्या फानुक कंपनीची भरभराट याच मोटरवर झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही वीजखाऊ, तेलावर चालणारी मोटर परवडेना. इनाबांनी विजेवरची पल्स मोटर करून पाहिली, पण ती जमली नाही. तेव्हा १९७४ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या गेटिस कंपनीकडून डीसी सर्व्होचा परवाना घेतला. ज्या मोटरने नाव दिले ती स्वतःच मोडीत काढायला मोठे धैर्य लागते.

छोट्या मिलच्या मालकापुढेही अखेर हीच निवड असते. प्रत्येक स्पंदाला एक पाऊल टाकणारी स्टेपर मोटर स्वस्त आणि सरळ. पण खोल काप घेताना पाऊल चुकले तर नियंत्रकाला पत्ता लागत नाही, आणि वेग वाढला की जोर झपाट्याने उतरतो. सर्व्होचा एन्कोडर, म्हणजे मोटरवरचा मापक, चूक पकडतो आणि ती हाताबाहेर गेली तर ड्राइव्ह मशीन थांबवतो. संच घेताना जाहिरातीतला क्षणिक कमाल टॉर्क पाहून भुलू नये, मोटर सतत किती टॉर्क देते ते पाहावे.

तरीही एन्कोडर सहसा मोटरच्या शाफ्टवर असतो, टेबलावर नव्हे. १९३८ पासून बनू लागलेल्या ब्रिजपोर्ट मिलच्या जुन्या अॅक्मी स्क्रूमध्ये बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिलाई, असला, तर मोटर अचूक जागी पोहोचते आणि टेबल मागेच राहते. क्लाइंब मिलिंगमध्ये तर कटरच टेबलाला पुढे ओढतो. अशा मशीनवर ही ढिलाई घालवणाऱ्या बॉलस्क्रूआधी महागडा सर्व्हो घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

राहिला नियंत्रक. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९० च्या दशकात साध्या संगणकावर चालणारा ईएमसी हा नियंत्रक तयार केला आणि तो सर्वांना खुला ठेवला. पुढे हौशी मंडळींनी तो वाढवला. २०११ पासून त्याचे नाव लिनक्ससीएनसी. एन्कोडरची खबर थेट संगणकात घेऊन तो सर्व्हो चालवू शकतो. त्यामुळे कंट्रोल जळालेल्या कितीतरी जुन्या सीएनसी मिलमध्ये मूळच्या मोटरा तशाच ठेवून फक्त नियंत्रणाच्या कपाटातली इलेक्ट्रॉनिक्स बदलली गेली.