तारेचे भोक आणि आगीची वाट

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्याही इमारतींमध्ये एक नवी तार शिरली आहे. ती बारीक असते, बहुधा काळी किंवा पांढरी असते. गच्चीवरून किंवा जिन्याच्या कोपऱ्यातून ती येते, दाराच्या चौकटीशेजारी पाडलेल्या भोकातून घरात जाते आणि एका छोट्या पेटीपाशी थांबते. तिला आपण सगळेच ‘फायबर’ म्हणतो. तिच्या पोटात माणसाच्या केसाहून फारसा जाड नसलेला काचेचा तंतू असतो. त्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो.

काच जळत नाही. प्रकाशाने ठिणगी पडत नाही. मग अशी तार इमारतीत घालताना अग्निसुरक्षेचे इतके नियम कशासाठी? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला तर तो योग्यच आहे. त्याचे उत्तर काचेत सापडत नाही. ते तारेवरच्या आवरणात आणि तार ज्यातून जाते त्या भोकात आहे. हे कळायला मात्र बरीच किंमत मोजावी लागली. तो इतिहास आपण पाहू.

सदतीस दिवस, तीन आगी

हा इतिहास प्रकाशतंतू घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी, तांब्याच्या तारांपासून सुरू होतो. सन १९७५ मध्ये अमेरिकेत अवघ्या सदतीस दिवसांत तीन आगी लागल्या. तिन्हींचा संबंध तारांशी होता.

पहिली आग १३ फेब्रुवारी १९७५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात, ११ व्या मजल्यावर लागली. मजल्यामजल्यांमधले काँक्रीटचे स्लॅब चांगले जाड होते. तरीही आग वर आणि खाली अशी दोन्हीकडे पसरली. टेलिफोनच्या तारा नेण्यासाठी प्रत्येक स्लॅबमध्ये सुमारे एक फूट रुंद आणि दीड फूट लांब भोक ठेवलेले होते आणि ते कोणी बुजवलेले नव्हते. तारांवरची आवरणे पेटली आणि ज्वाळा या मजल्यावरून त्या मजल्यावर गेल्या. मध्यरात्रीची वेळ असल्याने कार्यालये रिकामी होती आणि जीवितहानी झाली नाही.

दुसरी आग २७ फेब्रुवारीला त्याच शहरातल्या एका अकरा मजली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तळघरातल्या तारांच्या दालनात लागली. ती विझवायला सोळा तासांच्या आसपास लागले. सुमारे १ लाख ७० हजार टेलिफोन बंद पडले आणि सेवा पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. ज्वाळांपेक्षाही धुराने जवानांना अधिक छळले. जळणारे आवरण प्रामुख्याने पीव्हीसीचे होते. त्या धुरात सापडलेल्या जवानांच्या आजारपणाची चर्चा पुढे अनेक वर्षे होत राहिली.

तिसरी आग २२ मार्चला, अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात लागली. येथे तारांची भोके बुजवलेली होती, पण पॉलियुरेथेनच्या फेसाने. त्यातून हवा गळते का हे पाहण्यासाठी कामगार मेणबत्ती धरून तपासणी करत होते. गळती होतीच. हवेच्या ओढीने ज्योत भोकात खेचली गेली आणि फेसानेच पेट घेतला. आग सात तासांच्या आसपास धुमसत राहिली, १६०० हून अधिक तारा निकामी झाल्या आणि अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणांपैकी काही बंद पडल्या. अणुभट्ट्या सुरक्षितपणे थांबवता आल्या, म्हणून अनर्थ टळला.

या तीन आगींचे धडे एकत्र मांडले तर असे दिसते: भोक उघडे ठेवू नये, आवरण असे असावे की ते सहज पेटणार नाही आणि पेटलेच तर विषारी धूर ओकणार नाही, आणि भोक बुजवायचा पदार्थ स्वतःच जळणारा नसावा. पुढच्या पन्नास वर्षांतले बहुतेक नियम या तीन वाक्यांचाच विस्तार आहेत.

आवरणाचे रसायन

पीव्हीसी मुळात कडक असते. सन १९२६ मध्ये वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने ते मऊ करण्याची रीत शोधली आणि तारांच्या आवरणासाठी स्वस्त व टिकाऊ पदार्थ मिळाला. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. त्यामुळे ते सहजासहजी पेटत नाही, हा त्याचा गुण. पण आगीत सापडले की हेच क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने बाहेर पडते. डोळ्यांतल्या आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याशी त्याचा संबंध आला की तयार होते हायड्रोक्लोरिक आम्ल. ज्याला पळायचे आहे त्याचे डोळेच मिटतात.

यावरचा उपाय शालेय रसायनशास्त्रात बसणारा आहे. क्लोरीन नसलेले प्लास्टिक घ्यायचे आणि त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड भरपूर मिसळायची. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे या पुडीचे विघटन होऊन ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. दोन रेणूंच्या विघटनातून पाण्याचे तीन रेणू मिळतात. विद्यार्थ्यांना अणुभारांवरून हिशेब करायला सांगावे: १५६ ग्रॅम पुडीतून ५४ ग्रॅम पाणी, म्हणजे वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. विघटनात उष्णता शोषली जाते आणि वाफेमुळे ज्वलनशील वायू विरळ होतात. तार जणू स्वतःच्या अंगात पाणी बाळगून असते. अशा कमी धुराच्या, हॅलोजनविरहित तारा जिथून बाहेर पडणे अवघड असते अशा बोगद्यांसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाच्या ठरल्या.

भोक म्हणजे धुराडे

इमारतीतली उभी पोकळी, म्हणजे आपला डक्ट, धुराड्यासारखी वागते. गरम हवा हलकी, ती वर चढते. तिची जागा घ्यायला खालून हवा येते. पोकळी जितकी उंच, तितकी ओढ अधिक. लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला २१ नोव्हेंबर १९८० रोजी लागलेल्या आगीत ८५ जण मृत्युमुखी पडले. आग तळमजल्यावर होती. मृतांपैकी बहुतेक वरच्या मजल्यांवर होते. जिने, लिफ्ट आणि उभ्या फटींतून चढलेल्या धुराने त्यांना गाठले.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला वर दोन भोके पाडून त्यांवर पुठ्ठ्याच्या दोन नळ्या बसवा. समोरची बाजू काचेने बंद करा. एका नळीखाली आखूड मेणबत्ती पेटवा आणि दुसऱ्या नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर खाली उतरतो, आडवा जातो आणि मेणबत्तीवरच्या नळीतून वर निघतो. आता उदबत्तीकडच्या नळीचे तोंड ओल्या मातीच्या गोळ्याने बुजवा. प्रवाह थांबतो. (प्रयोग शिक्षकांनीच करावा आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी.)

मातीच्या गोळ्याचे हे काम इमारतीत आगरोधक लेप, खनिज लोकर किंवा उष्णतेने फुगणारे पदार्थ करतात. शेवटचा प्रकार विशेष कल्पक आहे. तारेचे आवरण जळून गेले की भोकात नवी फट पडते. हा पदार्थ त्याच उष्णतेने फुगून ती फट भरून काढतो.

तारांच्याही परीक्षा ठरल्या. अमेरिकेत मजल्यामजल्यांतून उभ्या जाणाऱ्या तारेची कसोटी अशी: तीस मिनिटे ज्योत दिली तरी ज्वाळा १२ फुटांपर्यंत चढता कामा नये. हवा खेळवण्याच्या पोकळीतून जाणाऱ्या तारेची कसोटी याहून कडक. तेथे ज्वाळा पाच फुटांपलीकडे सरकता कामा नये आणि धुराची घनताही मोजली जाते.

काच घरात येते

आता आपल्या काचेकडे वळू. सन १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरभर अंतरानंतर एक टक्का प्रकाश शिल्लक राहील आणि तेवढा संदेशवहनाला पुरेल. सन १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या तीन शास्त्रज्ञांनी ती पातळी ओलांडली. काव यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारतातील टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली.

त्यानंतर बराच काळ प्रकाशतंतू रस्त्याखाली आणि समुद्रतळाशीच राहिला. घरात यायला त्याला एक अडचण होती: तो वळत नसे. जुन्या पद्धतीचा तंतू ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवला की प्रकाश कडेने निसटू लागे. म्हणजे वळण निदान टेनिसच्या चेंडूएवढे हवे. खोलीच्या कोपऱ्यात ते कसे जमणार? डिसेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने वळण सोसणाऱ्या तंतूंचे प्रमाण ठरवले. त्यातले काही प्रकार ७.५ मिलिमीटर त्रिज्येतही वळतात, म्हणजे आपल्या अंगठ्याभोवती गुंडाळता येतात. जुन्या इमारतींत तार नेणे त्यामुळे सोपे झाले. पण कुठूनही तार नेता येऊ लागली, की ती कुठूनही नेली जाते, हेही आलेच.

रस्त्यावरची तार आणि घरातली तार एक नव्हे, हे येथे नीट समजून घ्यावे. बाहेरच्या तारेवर ऊन-पावसाला टिकणारे पॉलिथिलीन असते आणि काही प्रकारांत पाणी रोखण्यासाठी आत चिकट जेल भरलेले असते. ही दोन्ही पेटल्यावर चांगली जळतात. म्हणून अमेरिकी नियमांनुसार अशी तार इमारतीत उघडी फार तर ५० फूट नेता येते. पुढे आगीच्या कसोटीला उतरलेली तार जोडावी लागते. तारेत पोलादी दोरी असेल तर ती वीज वाहून आणू शकते, म्हणून तिला अर्थिंग द्यावे लागते किंवा ती प्रवेशापाशीच तोडावी लागते. शिवाय तुटलेल्या तारेच्या टोकात कधीही डोकावू नये. घरात येणारा प्रकाश बहुधा १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. तो नाही असे समजून पाहणे हाच धोका.

लोंबणारी तार

आणखी एक धडा ब्रिटनमधल्या निवासी इमारतींनी दिला. सन २००५ मध्ये स्टीव्हनेज येथे आणि ६ एप्रिल २०१० रोजी साउथॅम्प्टन येथे बहुमजली इमारतींना आगी लागल्या. दोन्ही ठिकाणी अग्निशमन दलाचे प्रत्येकी दोन जवान मृत्युमुखी पडले. तारा प्लास्टिकच्या पट्ट्यांत बसवलेल्या होत्या. उष्णतेने प्लास्टिक वितळले, तारा जाळ्यासारख्या खाली लोंबल्या आणि धुरात काही न दिसणारे जवान त्यांत अडकले. धातूचे चार चिमटे तेवढे हवे होते. ब्रिटनच्या विद्युत नियमांत २०१५ साली सुटकेच्या मार्गांवरील तारांसाठी आणि २०१८ च्या आवृत्तीत संपूर्ण इमारतीसाठी अट आली, की आगीत तारा वेळेआधी कोसळणार नाहीत असे आधार द्यावेत. अडकणाऱ्या माणसाला ती तार विजेची आहे की प्रकाशाची, याने काहीच फरक पडत नाही.

युरोपीय संघात १ जुलै २०१७ पासून इमारतीत कायमच्या बसवायच्या तारांना, प्रकाशतंतूंसह, आगीतल्या वर्तनानुसार वर्ग देणे बंधनकारक झाले. त्यात ज्वाळा आणि उष्णतेबरोबर धूर, पेटते थेंब आणि धुराची आम्लताही मोजली जाते. आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत मजल्यांतून जाणारी तारांची भोके आगरोधक पदार्थाने बुजवण्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. सन २०२२ मध्ये केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींना पुरवणी जोडून, इमारतीच्या आराखड्यातच दूरसंचार तारांसाठी मार्ग आणि जागा ठेवण्याची तरतूद सुचवली गेली. मार्ग आधीच असेल तर नवे भोक पाडावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

नियम कागदावर असतात, भोक मात्र भिंतीत असते. एका इमारतीत आज एक कंपनी येते, वर्षाने दुसरी. प्रत्येक जण ड्रिल मशीनने आपले भोक पाडतो, तार ओवतो आणि निघून जातो. जुनी तार तशीच राहते, जुने भोकही तसेच. आमची शिक्षकांना सूचना अशी, की विद्यार्थ्यांना घेऊन शाळेच्या इमारतीत एकदा फिरावे. कशालाही हात न लावता तारांसाठी पाडलेली भोके मोजावीत, बुजवलेली किती आणि उघडी किती याचा तक्ता करावा, जिन्यात डोक्यावरून जाणाऱ्या तारा कशाने धरलेल्या आहेत तेही लिहावे. तक्ता मुख्याध्यापकांकडे द्यावा. उघडी भोके बुजवायला लागणारा खर्च इमारतीच्या मानाने अगदी किरकोळ असतो. ते कोणीतरी मोजलेले असणे मात्र आवश्यक असते.