नियम वहीचा की माणसाचा?

'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन' हा शब्द आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. क्लायंट म्हणतो, आमची प्रोसेस आहे तश्शी स्क्रीनवर आणा. आपणही मान डोलावतो. पण ती तशी का आहे, हे कुणी विचारायचं? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या रेल्वेचं आहे.

जुनं रिझर्व्हेशन कसं असायचं, घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. प्रत्येक गाडीचं, प्रत्येक तारखेचं रजिस्टर. ते ज्या क्लार्कपुढे, त्याच खिडकीवर त्या गाडीचं तिकीट. शेजारची खिडकी ओस पडलेली असली तरी तुम्हाला तिचा उपयोग शून्य. परतीचं रिझर्व्हेशन हवं? मग तिकडच्या स्टेशनला तार जाणार आणि उत्तर येईपर्यंत तुम्ही थांबणार.

1985 मध्ये सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीची 'इम्प्रेस' सिस्टिम नवी दिल्लीत सुरू झाली. सोपा रस्ता उघड होता. प्रत्येक क्लार्कपुढे एक टर्मिनल ठेवा, त्यात त्याच्याच गाडीचं रजिस्टर भरा, काम फत्ते! पण तसं केलं नाही. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. कारण 'एक खिडकी, एक गाडी' हा नियम मुळात वहीचा होता. वही एका वेळी एकाच टेबलावर असू शकते, बस्स. ती मशीनमध्ये गेली आणि नियमाचं कारणच संपलं.

जुनं काम नुसतं कॉम्प्युटरवर चढवू नका, आधी कामच बदला, असं मायकेल हॅमरने 1990 मध्ये लिहिलं आणि मॅनेजमेंटच्या जगात गाजलं. दिल्लीच्या खिडकीवर ते आधीच झालं होतं :)

मात्र सगळंच मोडीत काढलं नाही. मधल्या स्टेशनांचा कोटा राहिला, आजही आहे. तो नसता तर पहिल्या स्टेशनवरच गाडी भरली असती आणि वाटेत चढणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नसतं. हा नियम माणसासाठी होता.

1999 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं जोडली गेली. परतीच्या तिकिटासाठी तार करायची गरज उरली नाही.

गंमत पुढे आहे. 2002 मध्ये आयआरसीटीसीवर ऑनलाइन बुकिंग आलं, आणि तिकीट घरी यायचं कुरियरने! साइट नवी, पण रेल्वेने छापलेला कागद प्रवाशाच्या हातात हवाच, हा नियम जुनाच. टीसीला खरं तर काय हवं असतं? चार्टमधलं नाव आणि ते नाव तुमचंच असल्याचा पुरावा. हे 2005 च्या ई-तिकिटाने ओळखलं. घरी प्रिंट काढा, ओळखपत्र बरोबर ठेवा.

पण हिशोब इथे संपत नाही. आता खिडकीवर तासभर उभा असलेला मजूर आणि घरी फायबर कनेक्शनवर बसलेला मी, दोघांची नजर त्याच बर्थवर असते. माझी रांग संपली, त्याची नाही. आणि रिक्वायरमेंटच्या मीटिंगला तो कधीच नसतो.

म्हणून सध्या मी प्रत्येक नियमापुढे दोन रकाने आखतो. हा नियम वहीमुळे आहे की माणसामुळे? आणि तो काढला तर रांगेत कोण उरतं? दुसरा रकाना भरायला जास्त वेळ लागतो. लागू दे.