गर्द, सुई आणि मांजरीची लस

मराठीत ‘गर्दुल्ला’ हा शब्द सहज रुळला. त्या माणसाच्या रक्ताचा विचार मात्र आपल्या वाङ्मयात फारसा झाला नाही. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात पसरली. 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, आणि 1986 मध्ये अनिल व सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. तेव्हा गर्द प्रामुख्याने चांदीच्या कागदावर तापवून तिचा धूर ओढला जाई. धुरातून रक्तातले विषाणू जात नाहीत. त्यामुळे त्या काळाची भीती घर उद्ध्वस्त होण्याची होती, सुईची नव्हे.

सुई पुढे आली. मुंबईसारख्या शहरांत काहीजण ब्युप्रेनॉर्फिन शिरेत टोचू लागले. शीर सापडली की नाही हे पाहण्यासाठी सिरिंजमध्ये थोडे रक्त ओढून घेतात. ते पूर्ण निघत नाही, आणि तीच सुई दुसऱ्याच्या हाती जाते. नुसती सुईच नव्हे, औषध विरघळवण्याचे पाणी, चमचा, गाळण्याचा कापूसही हिपॅटायटिस सी पोहोचवू शकतो. याचा वेग मणिपुरात दिसला: 1989 मध्ये टोचून घेणाऱ्यांच्या चाचण्यांत एचआयव्ही सापडत नव्हता, 1990 मध्ये सुमारे निम्म्यांत सापडला.

आता आमच्या मांजरीकडे येऊ. हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात 1966 साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटचा विस्तार आहे आणि ही संस्था हिपॅटायटिस बीची लस बनवते. (गावाची जुनी ओळख द्राक्षांची; असो.) परंतु तीन विषाणूंपैकी लस आहे ती या एकावरच. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो उपचार विनामूल्य आहे. पण पुन्हा दूषित सुई टोचली तर पुन्हा लागण होऊ शकते. म्हणजे उरते ती कोरी सुई.

आणि कोरी सुई देणे म्हणजे व्यसनाला हातभार, असा आक्षेप आम्ही सुशिक्षितांच्याच बैठकीत ऐकला आहे. मुंबईत ‘संकल्प’सारख्या संस्थेने हे काम केले ते अशा वातावरणात. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने अशा उपायांना गुन्हा मानू नये असे स्पष्ट केले; तो 2018 मध्ये अमलात आला. 1985 पासून मोजले तर तेहेतीस वर्षे गेली. या कामासाठी मराठीत रुळलेला शब्द आम्हांस अजून आढळलेला नाही. ‘व्यसनमुक्ती’ तो अर्थ पेलत नाही, कारण येथे माणूस व्यसनात असतानाच त्याचे रक्त वाचवायचे असते.